दोनदा परत, एकदा खाली

बोईसर
ता. ७ जानेवारी १९९०

चि. सौ. पुष्पा हिस अनेक आशीर्वाद.

तुझं कार्ड परवा पोचलं. नागपूरला नीट पोचलीस, हॉस्टेलची खोली कोरडी आहे आणि जोडीदारीण अकोल्याची आहे, एवढं कळलं. बाकी कार्डावर तू नेहमीसारखी जागा वाया घालवलीस. पुढच्या वेळी इनलँड लिही.

पालघरच्या तारघरातून तीन महिन्यांच्या कॉम्प्युटर ट्रेनिंगला तुझीच निवड झाली, हे आईनं आपल्या गावभर, माहीमभर करून टाकलं आहे. परवा मी गेलो तर शेजारची तानी मला विचारत होती की पुष्पा नागपूरला विमान चालवायला शिकते का. मी हो म्हणून सांगितलं. आल्यावर तूच निस्तर. जावईबापू आणि पोरगा मजेत आहेत, रविवारी दोघं आमच्याकडे जेवायला होते.

आता एक गोष्ट लिहितो, ती तुझ्यापाशीच ठेव. मी आता टेलेक्सवर नाही. दिवाळीनंतर कंपनीनं आपलं टेलिप्रिंटर मशीन उचललं आणि त्या टेबलावर कॉम्प्युटर आणून ठेवला. परदेशच्या ऑर्डरी घेणं, माल कधी निघाला ते कळवणं, सगळं आता त्याच्यावरून. मुंबईहून एक पोरगा शिकवायला आला होता. पंधरा दिवस शिकवून त्यानं परीक्षा घेतली. मी संदेश टाइप करायचो, पहिली ओळ सुरळीत जायची आणि पुढचं सगळं गायब. पुन्हा परीक्षा घेतली, पुन्हा तेच. पोरगा म्हणाला, अंकल, आप जल्दबाजी करते हो. बरं, सावकाश केलं तरी तेच. साहेबांनी फाइलवर शेरा लिहिला की यांना संगणकाचं काम जमत नाही. एक तारखेपासून मी गोदामात ड्रम मोजतो आहे.

साहेब माणूस वाईट नाहीत. खुर्ची ३१ मार्चपर्यंत रिकामी ठेवतो, तोवर तयारी झाली तर येऊन सांगा, नाहीतर एक एप्रिलला बाहेरचा माणूस घेतो म्हणाले. पण तयारी कसली करू? चूक काय होते तेच मला कळत नाही. सोळा वर्षं त्या खुर्चीवर काढली, पुष्पा. ती जाते आहे याचं मला फार लागलं आहे.

मंजुळाला आणि आईला यातलं काही माहीत नाही. डोळे दुखतात म्हणून मीच गोदाम मागून घेतलं, असं घरी सांगितलं आहे. तर मंजुळानं लगेच डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरांना काही सापडलं नाही, तरी त्यांनी थेंब लिहून दिले. ती रोज दोन वेळा घालते. म्हणून मला पत्र कंपनीच्या पत्त्यावर लिही.

तब्येतीला जप. तिकडे थंडी असेल, स्वेटर काढून ठेवू नकोस.

तुझा
दादा (एकनाथ)

नागपूर
ता. २१ जानेवारी १९९०

ती. दादास सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून दिवसभर मन लागलं नाही. तू आणि नापास, हे दोन शब्द माझ्या डोक्यात शेजारी बसतच नाहीत. मला सगळं येतं ते तुझ्यामुळे.

इथे आल्यापासून माहीमचा ओटा सारखा आठवतो. मी दहावी झाले होते, तू दादरहून टेलिप्रिंटरचा कोर्स करून बोईसरला लागून दोन वर्षं झाली होती. मला मशीन दाखवायची सोय नव्हती म्हणून तू मिठाईच्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर अख्खा कीबोर्ड काढलास. अंगणात बोंबील वाळत असायचे आणि आपण ओट्यावर पुठ्ठ्यावर बोटं बडवत बसायचो. ओळ संपत आली की मशीनमध्ये घंटी वाजते म्हणून तू वाटीवर चमचा मारायचास. मग मी म्हणायचं, दोनदा परत, एकदा खाली. परतची कळ दोनदा, खालच्या ओळीची एकदा. मी एकदाच दाबली की तुझी पट्टी माझ्या करंगळीवर. मी रडले तेव्हा तू समजावलंस की मशीनचा गाडा जड असतो, उजवीकडून डावीकडे परत यायला त्याला वेळ लागतो. एकदाच दाबून पुढचं अक्षर मारलंस तर ते वाटेतच कुठेतरी उमटेल. म्हणून दुसऱ्यांदा दाबायचं, तेवढ्यात गाडा घरी येतो. आई म्हणायची, पोरीला कोणता मंतर शिकवतोस रे? दोन वर्षांनी मी तारघरात परीक्षेला बसले तेव्हा खरं मशीन पहिल्यांदा पाहिलं, आणि पास झाले.

आता माझं ऐक. इथे आम्ही अठरा जण आहोत. मी वयानं सर्वांत मोठी, एकतिसाची. बाकीच्या मुली विशीतल्या. आणि दादा, माझंही तेच होतं आहे. पहिली ओळ जाते, मग पडदा पुसल्यासारखा होतो. मॅडम म्हणतात, तुम्ही घाबरता. घाबरते हे खरं, पण पहिल्या ओळीला का घाबरत नाही मग? तुझ्यासारखंच सगळं होतंय म्हणून लिहिलं, नाहीतर तुला आणखी काळजी कशाला.

मार्चअखेर परीक्षा आहे. नापास झाले तर पालघरला काउंटरवर तिकिटं विकायची. पण माझं राहू दे, तुझी खुर्ची जाता कामा नये. काहीतरी विचार करू.

वहिनीला खोटं सांगितलंस ते मला आवडलं नाही. पण तू मोठा, मी काय बोलणार.

तुझी
पुष्पा

बोईसर
ता. २ फेब्रुवारी १९९०

चि. सौ. पुष्पा हिस आशीर्वाद.

पत्र पोचलं. गोदामाच्या पहारेकऱ्यानं आणून दिलं आणि तिथेच ड्रमवर बसून वाचलं. पुठ्ठ्याचं तुला एवढं आठवत असेल असं वाटलं नव्हतं. पट्टीचं मात्र विसरली असतीस तर बरं झालं असतं.

मलाही इथे बसून जुनंच आठवतं. दादरच्या इन्स्टिट्यूटमध्ये सर आमच्या हातांवर टॉवेल टाकायचे, कळांकडे बघू नये म्हणून. टॉवेलाखाली बोटं आणि समोर भिंत. पुढे कागदाच्या पट्टीवर पाच-पाच भोकांची अक्षरं वाचायला शिकलो. पट्टी अंगठ्याखालून सरकवली की संदेश कळायचा, डोळे मिटून. बोईसरला पहिल्याच आठवड्यात मी हॅम्बुर्गला जोडणी लावली आणि तिकडच्या मशीननं आपण होऊन स्वतःचं नाव छापून पाठवलं. मी खुर्चीतून उठून उभाच राहिलो. तिकडे कुणी माणूस नव्हता हे मला माहीत होतं, तरी उभा राहिलो. आपल्या बाबांची होडी डहाणूच्या पुढे कधी गेली नाही आणि मी हॅम्बुर्गचं दार वाजवलं, असं वाटलं होतं.

असो. आता तुला सल्ला देतो तो ऐक. नापास होण्याआधीच अर्ज कर आणि काउंटर मागून घे. विशीतल्या पोरींसमोर पडू नकोस. आपली डोकी आता निबर झाली आहेत पुष्पा, त्यात नवीन काही शिरायचं नाही. तुझंही माझ्यासारखंच होतंय हे वाचून मला तर खात्रीच पटली. मी दोनदा पडलो. दुसऱ्या वेळी तो पोरगा दुसरीकडे बघत होता, मला बरं वाटावं म्हणून. ते फार वाईट असतं.

जेवणाच्या सुट्टीत मी कधी कधी ऑफिसच्या खिडकीवरून जातो. खुर्ची तशीच आहे. मशीनवर कापड घातलेलं असतं. खुर्चीचा नाद मी आता सोडला आहे, तूही विचार करू नकोस.

माहीमला आई बरी आहे. तिनं तुझ्यासाठी सुकट ठेवली आहे. हॉस्टेलात वास सुटेल म्हणून मी पाठवली नाही.

दादा

नागपूर
ता. १८ फेब्रुवारी १९९०

ती. दादास सा. न. वि. वि.

दादा, सापडली! चूक सापडली! घाईत लिहितेय म्हणून अक्षर असं आलंय. सावकाश सांगते.

मागच्या रविवारी माझ्या उजव्या करंगळीला नखुरडं झालं. ठणका एवढा की रात्रभर झोप नाही. तरी वर्गात गेले. करंगळीला चिंधी बांधलेली, म्हणून तिचं काम मी डाव्या हाताच्या बोटानं केलं. ओळ संपली की हात पलीकडे न्यायचा, कळ दाबायची, हात परत आणायचा. आणि दादा, अकरा ओळींचा संदेश शेवटच्या ओळीपर्यंत गेला. मॅडम माझ्या मागे येऊन उभ्या राहिल्या. मी म्हटलं, नशीब. मंगळवारी पुन्हा गेला, बुधवारी पुन्हा गेला. शुक्रवारी नखुरडं फुटलं, चिंधी सोडली, नेहमीसारखी बसले, आणि पहिल्या ओळीनंतर सगळं गायब.

तेव्हा मी वत्सलाला, माझ्या अकोल्याच्या जोडीदारणीला म्हटलं, तू पडद्याकडे बघू नकोस, माझ्या हाताकडे बघ. तिनं एकच ओळ पाहिली आणि म्हणाली, बाई, तुम्ही ती कळ दोनदा का दाबता?

मला कळतच नव्हतं मी दोनदा दाबते ते. करंगळी इतकी झपकन दाबते की मला स्वतःला एकदाच वाटतं. दोनदा परत! इथे गाडाच नाही दादा, परत कोण येणार? पहिल्यांदा दाबली की ओळ संपते. दुसऱ्यांदा दाबली की मशीन समजतं, रिकामी ओळ आली म्हणजे संदेश संपला, आणि बंद करून पाठवून देतं. मी मॅडमना विचारलं, तुम्ही आधी का नाही सांगितलं? त्या म्हणाल्या, असं कुणी करत असेल हे त्यांच्या डोक्यातच आलं नाही. बाकीच्या मुली कधी टेलिप्रिंटरवर बसल्याच नाहीत ना.

तुझंही हेच झालं असणार. पहिली ओळ जाते आणि पुढचं गायब, अगदी हेच. त्या पोराला तुझा हात दिसलाच नाही. तुझं डोकं निबर नाही. तू फार चांगलं शिकला होतास, एवढीच तुझी चूक. आणि मला शिकवलंस तेही.

३१ मार्चला अजून सहा आठवडे आहेत. साहेबांकडे जा. आजच जा. गोदामातले ड्रम कुणीही मोजील.

मी रोज पन्नास ओळी करते, एकदाच दाबून. अजून दहाव्या ओळीला करंगळी फसवते. पण जमेल.

तुझी
पुष्पा

बोईसर
ता. २७ फेब्रुवारी १९९०

चि. सौ. पुष्पास मंजुळावहिनीचे आशीर्वाद.

माझं अक्षर बघून घाबरू नकोस, घरात सगळे बरे हायत. तुझ्या आनंदाच्या भरात तू पाकिटावर कंपनीऐवजी घरचा पत्ता घातलास. टपालवाल्यानं माझ्या हातात दिलं, आणि तुझं पत्र आलं की मीच फोडते नि ह्यांना वाचून दाखवते, ते तुला माहीत हाय. तर चुलीपाशी उभी राहून सगळं वाचलं.

पुष्पा, दोन महिने मी त्या माणसाच्या धडधाकट डोळ्यांत थेंब घालते हाय! सकाळ-संध्याकाळ! आणि तो मान वर करून गप घालून घेतो. मुरबे गावच्या देवीला नवस बोलली मी, ह्यांच्या डोळ्यांसाठी. आता देवीला काय सांगू? बाटली उचलली नि मोरीत ओतली.

ते घरी आले तेव्हा पत्र ताटाशेजारी ठेवलं. त्यांनी वाचलं, जेवले नाय, पायरीवर जाऊन बसले. दोन दिवस नुसते गुडघ्यावर करंगळी आपटत होते. तिसऱ्या दिवशी मी विचारलं की मला का नाय सांगितलं. तर म्हणाले, तुला वाटलं असतं नवरा मठ्ठ हाय. मला फार राग आला पुष्पा, नि रडूही आलं. नापास झाले त्याचं मला काय नाय. मी चौथी शिकली, मी कुणाला मठ्ठ म्हणणार? पण मी तसं म्हणेन असं त्यांना वाटलं, ते माझ्या काळजाला लागलं. तसं त्यांना सांगितलं. तेव्हा कुठे जेवले.

पण साहेबाकडे जायचं नाव काढत नाय. म्हणतात, जमत नाय म्हणून हटवलं ते एक वेळ चाललं, पण एवढ्याशा चुकीनं हटलो हे आता कुठल्या तोंडानं सांगू. लोक हसतील. मी म्हटलं, हसू दे, तुमी खुर्चीत बसून ऐका.

मग मी एक केलं. रोज दिवाबत्ती झाली की त्यांना पाटासमोर बसवते. ते पाटावर टाइप करतात नि मी डोळे मिटून ऐकते. ओळीच्या शेवटी एकच टक ऐकू आली पाहिजे. दोन आल्या की सकाळचा चहा बंद. पहिल्या दिवशी मोजून तीस वेळा दोन आल्या. काल सहा. शेजारीण विचारत होती की तुमच्याकडं रोज कसलं भजन असतं.

तू त्यांना आणखी लिहू नकोस. मी बघते. तू तुझी परीक्षा नीट दे. नागपूरहून येताना आईंसाठी संत्री आण, माझ्यासाठी काय नको, पण आणलंस तर नाय म्हणणार नाय.

तुझी
मंजुळावहिनी

बोईसर
ता. १९ मार्च १९९०

चि. सौ. पुष्पा हिस अनेक आशीर्वाद.

एवढे दिवस लिहिलं नाही, रागावू नकोस. तुझ्यावर राग नव्हता. होळीच्या दिवशी माहीमला गेलो तेव्हा आईलाही सगळं सांगून टाकलं. ती एवढंच म्हणाली, डोळे बरे हायत ना? मग झालं. माझी दोन महिन्यांची चिंता तिनं दोन वाक्यांत संपवली.

होळीनंतर मंगळवारी साहेबांकडे गेलो. मंजुळानं इस्त्रीचा सदरा काढून ठेवला होता, त्यामुळे न जाऊन चालणार नव्हतं. साहेबांना पुठ्ठ्यापासून सगळं सांगितलं. गाडा जड असतो ते हातानं दाखवलं. ते हसले नाहीत. उठून स्वतः मशीनवरचं कापड काढलं आणि म्हणाले, बसा तांडेल.

बसलो. पहिली ओळ झाली. करंगळी उचलली ती तशीच वर धरून ठेवली, पुष्पा. एकदा दाबली. दुसरी ओळ आली. मग तिसरी. चौदा ओळींचा संदेश होता, शेवटच्या ओळीपर्यंत गेला. साहेबांनी आणखी दोन करून घेतले आणि फाइल मागवून शेऱ्याखाली तारखेसह लिहिलं की काम उत्तम जमतं. आज सोमवारपासून पुन्हा रुजू झालो, आणि मी हे पत्र त्या खुर्चीत बसून जेवणाच्या सुट्टीत लिहितो आहे. तुझ्यामुळे मिळाली ही खुर्ची. धाकट्या बहिणीला नमस्कार करायची रीत नाही म्हणून आशीर्वादच देतो, पण तू समजून घे.

आता कालचं सांगतो. साहेबांच्या खोलीतून बाहेर आलो तेव्हापासून मनात एक विचार होता. बोईसर-तारापूरला एवढ्या कंपन्या आहेत, प्रत्येकीत टेलेक्सवर एक तरी माझ्यासारखा होता. ते सगळे कुठे असतील? मंजुळाला बोललो तर ती म्हणाली, मग घरात बसून काय कळणार हाय. म्हणून काल रविवारी सायकल काढली.

दोघांचा पत्ता लागला. बेटेगावचा जिवल्या त्याच्या कंपनीच्या फाटकावर पावत्या फाडतो. त्याला सांगितलं तर तो आधी शिव्याच द्यायला लागला, मला नाही, मशीनला. मग उद्या साहेबाला गाठतो म्हणाला. तिथून उमरोळीला गेलो. तिथे कमलाकांत पागधरे राहतो. दादरला माझ्याच वर्गात होता, टॉवेलाखाली आमच्या सगळ्यांहून त्याची बोटं जलद चालायची. त्यानं दिवाळीतच राजीनामा दिला, कुणी काढण्याआधी. त्याच्या जागी नवा माणूस कायमचा लागलासुद्धा. बायको म्हणाली, हे घराबाहेरच पडत नाहीत, मुलीलाही सांगतात की माझं डोकंच चालत नाही, कुणी टेलेक्सचं नाव काढलं की उठून आत जातात.

मला वाटलं, याला आता सांगून काय उपयोग, त्याची खुर्ची तर गेली. निघावं असं वाटलं. पण तो समोर येऊन बसला आणि माझ्या तोंडून निघून गेलं. पहिली ओळ जायची आणि पुढचं गायब व्हायचं ना, असं मी विचारलं. त्यानं मान वर केली. मग मी सगळं सांगितलं. नखुरडं, वत्सला, गाडा, रिकामी ओळ. तो ऐकत होता आणि करंगळी मांडीवर दोनदा आपटून बघत होता. पुन्हा पुन्हा बघत होता. मला वाटलं आता तो चिडेल, नाहीतर रडेल.

त्यानं तसं काही केलं नाही. मग त्यानं आत हाक मारून मुलीला बोलावलं. हिरा तिचं नाव, बारावीला आहे. ती दारात येऊन उभी राहिली. त्यानं तिला खाली बसायला सांगितलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "एकनाथ, आता हिच्यासमोर सांग."

मी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं.

तुझी परीक्षा झाली की कळव. आम्हां सगळ्यांवर आहे तशीच माया राहू दे.

तुझा
दादा